एमआरआयमध्ये टियर म्हणजे लगेच ऑपरेशन?

वर एकांनी लिहिलंय की खांद्याच्या एमआरआयमध्ये टियर (म्हणजे स्नायू हाडाला जोडणारं टेंडन फाटलेलं) दिसलं म्हणजे ऑपरेशनशिवाय पर्याय नाही, हे सरसकट नाही पटत. साठीनंतर अजिबात न दुखणाऱ्या खांद्याचा एमआरआय काढला तरी बऱ्याच जणांना टियर निघतं, त्यामुळं रिपोर्टपेक्षा हात किती चालतोय ते बघायचं. आमचे मामा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचे, खांदा असा ठणकायचा की त्या कुशीवर झोपता यायचं नाही, आणि घरी सगळे म्हणाले शुगर आहे म्हणजे फ्रोजन शोल्डरच (घरात डॉक्टर कमी नाहीत). मिरजेच्या डॉक्टरांनी हात वर करायला लावला तर मध्येच अडकला, पण त्यांनी स्वतः धरून उचलला तर पार कानापर्यंत गेला. फ्रोजन असता तर दुसऱ्यानं उचलूनही गेला नसता, कारण त्यात सांधाच आखडलेला असतो. सोनोग्राफीत सुप्रास्पिनेटसला (हात वर उचलायला लागणारा खांद्याचा एक स्नायू) अर्धवट टियर निघालं. ओझं बंद, फिजिओ, रबर बँडचे व्यायाम, वेळ लागला पण आता माळ्यावरचा डबा काढतात.

मात्र गाडीवरून पडलात आणि त्याच दिवसापासून हात वर जाईना, तर मालिशवाल्याकडं वेळ घालवू नका, पूर्ण तुटलेलं टेंडन मागं ओढलं जातं, स्नायूत चरबी भरते आणि मग उशिरा शिवणं अवघड होतं. आणि ते स्टेरॉइडचं इंजेक्शन दुखणं कमी करतं, टियर भरत नाही, शुगरवाल्यांची साखर काही दिवस चढते ती वेगळीच.