प्रतिसाद: पन्हाळा-पावनखिंडला ओले मोजे आणि मांड्या सोलणं

भावा, तू विचारलंयस की जुलैत पन्हाळा-पावनखिंड ट्रेकला दोन दिवस चिखलात चालताना पाय आणि मांड्या कशा सांभाळायच्या, आणि वर एकानं सांगितलंय की चार जोड मोजे ने म्हणजे झालं, तर ते अर्धंच खरं आहे. पन्हाळ्यावरनं उतरून मसाई पठारावर पोचेपर्यंतच पहिला जोड भिजतो आणि पावसात दुसरा घातला की तोही तासाभरात ओला, त्यामुळं चालायचं ते ओल्यातच, पण एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायचा आणि तो फक्त झोपताना घालायचा, काय बी झालं तरी चालताना पिशवीतनं बाहेर काढायचा नाही. पहिल्या वर्षी मी तो कोरडा जोडच चालताना घालून बसलो, रात्री बघतोय तर तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले, टाचेची कातडी बोटानं सरकायला लागलेली.

मुक्कामाला पोचल्यावर आधी पाय धू, बोटांच्या बेचक्यातनं नीट पुसून कोरडे कर, मगच जेवायला बस.

जांघेत सकाळी निघायच्या आधीच व्हॅसलीन लाव, आग व्हायला लागल्यावर लावून लई फरक पडत नाही. जीन्स आणि सुती चड्डी घरीच ठेव, भिजली की वाळत नाही आणि घासत राहते.

आणि एक कळकळीनं सांगतो, ओढ्यात साबण लावू नका रे, खाली वाडीतली माणसं तेच पाणी वापरतात. बाटलीत पाणी घेऊन लांब जाऊन धुवा.