‘शह’ म्हणावं की ‘कोंडी’?

बुद्धिबळाचा माजी जगज्जेता आणि पुतिनचा विरोधक गॅरी कास्पारोववर एक लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलेय. बुद्धिबळात नियम ठरलेले असतात आणि निकाल ठरलेला नसतो, पुतिनच्या रशियात नेमकं उलट आहे, असं तो वर्षानुवर्षं सांगत आलाय. हे मराठीत सहज उतरलं. पण २००७ च्या डिसेंबरात त्याला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतून माघार घ्यावी लागली, तिथे मी ओघात लिहून गेले : ‘क्रेमलिनने कास्पारोवला शह दिला.’ आपल्याकडे राजकारणाच्या बातमीत हा शब्द रोज येतो. तरी मला तो खटकतोय. का, ते नेमकं सांगता येत नाही.

प्रतिसाद :
खटकतोय ते बरोबरच आहे. ‘शह’ म्हणजे फारसी ‘शाह’, राजा. ‘शह!’ म्हणायचं म्हणजे समोरच्याला सांगायचं, तुझा राजा माऱ्यात आहे, सांभाळ. ‘शाह मात’ म्हणजे राजा हतबल झाला. रशियनांनी तर त्यावरून खेळालाच ‘शाख्मती’ नाव दिलं. आपण शह आणि मात घेतले, पण खेळाला नाव आपलंच ठेवलं.

आता शह बसल्यावर काय करता येतं? राजा हलवा, मध्ये मोहरा घाला, नाहीतर शह देणारा मोहरा मारा. यातलं काहीच जमलं नाही तरच मात. म्हणजे शहाला उत्तर द्यायचा हक्क नियमानेच दिलेला असतो. मॉस्कोत काय झालं? अपक्ष उमेदवाराला किमान ५०० मतदारांची सभा घेऊन नाव सुचवून घ्यावं लागत होतं, आणि सभेला कुणी सभागृहच भाड्याने देईना. वरून दबाव आहे, असं कास्पारोवचं म्हणणं होतं. मुदत संपत आली, त्याने माघार घेतली. त्याआधी नोव्हेंबरात मोर्चा काढला म्हणून पाच दिवस कोठडी. जगज्जेतेपदासाठी पाच वेळा त्याच्यासमोर बसलेला कार्पोव तिथे भेटायला गेला, त्यालाही आत सोडलं नाही. याला ‘शह’ म्हटलं की दोन्ही बाजू एकाच पटावर बसल्या होत्या असा समज होतो. तो खोटा आहे.

‘पुतिनची बुद्धिबळी खेळी’ हा मथळाही टाळा. कास्पारोवला ही तुलनाच मान्य नाही. पटावर सगळं उघड असतं. पुतिन पोकर खेळतो, म्हणजे पत्ते झाकून खेळायचा डाव, असं तो म्हणतो. त्याला आपल्याकडे चांगला शब्द आहे : हूल देणे.

प्रतिसाद :
एक भर घालतो. पटाबाहेरून डाव थांबवणं कास्पारोवने बुद्धिबळातही सोसलंय. १९८४ चा कार्पोवविरुद्धचा सामना आधी सहा डाव जिंकेल त्याचा, असा होता. कार्पोव ५-३ ने पुढे होता, पण कास्पारोवने लागोपाठ दोन डाव जिंकले होते. ४८ डावांनंतर, फेब्रुवारी १९८५ मध्ये, जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी निकालाविनाच सामना थांबवला. कास्पारोवने तिथेच, सगळ्यांसमोर विरोध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नव्या सामन्यात जिंकून तो २२ व्या वर्षी जगज्जेता झाला. नियमांबद्दल तो इतका हट्टी का, हे मला तिथून कळतं. २००५ मध्ये व्यावसायिक खेळ सोडून तो राजकारणात उतरला, २०१३ पासून देशाबाहेर आहे, आणि तरी बोलायचा थांबलेला नाही.

शब्द विचाराल तर ‘कोंडी’. पण ती पटावरची समजू नका. पटावर चाल उरली नाही आणि राजाला शहही नसेल, तर डाव बरोबरीत सुटतो, अर्धा गुण पदरात पडतो. इथे तोही नाही. ही घाटातल्या रस्त्यासारखी कोंडी, पुढे वाट नाही आणि मागे वळता येत नाही.

दोघांचे मनापासून आभार. वाक्य बदललं : ‘मॉस्कोत ५०० माणसं बसतील एवढी जागा कास्पारोवला कुणी दिली नाही. त्याची कोंडी झाली.’ ‘शह’ हा शब्द मी १९८५ च्या परिच्छेदासाठी राखून ठेवलाय.