मदत हवी आहे: संध्याकाळच्या भुकेला ५ रुपयात पोरांना काय देता येईल?

नमस्कार मंडळी. मी मालाड पूर्वेला आप्पापाड्याकडे राहते. गल्लीतल्या बहुतेक बायका कामाला जातात, त्यामुळे पोरं शाळेतून येतात तेव्हा घरी कोणी नसतं, डब्याखाली ५-१० रुपये ठेवलेले असतात आणि ते घेऊन पोरं सरळ कोपऱ्यावरच्या दुकानात. परवा शेजारची दुसरीतली मुलगी माझ्याकडे अभ्यासाला बसली तर वहीवर पिवळे तेलकट बोटांचे ठसे, विचारलं तर म्हणे दुकानातल्या कुरकुरीत खाऊच्या दोन पुड्या खाल्ल्या, आणि रात्री जेवलीच नाही म्हणून तिची आई रडकुंडीला आलेली.

शाळेत पोषण आहार आहे, पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन असा त्याचा हिशोब, पण तो शाळेतल्या वेळेपुरता, संध्याकाळचं काय? शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचं विकायचं नाही हा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम २०२० चा, पण आमचं दुकान तर घराखालीच आहे. दुकानदाराला तरी काय बोलणार, पुडी महिनोन्‌महिने टिकते, केळं दोन दिवसात काळं पडतं.

म्हणून आम्ही चौघीजणींनी दहा दिवस संध्याकाळी ५ ते ७ ओट्यावर ५ रुपयाच्या खाऊची टोपली लावून बघितली. उकडलेल्या शेंगा अर्ध्या तासात संपायच्या, खरंच! रताळ्याच्या फोडीपण गेल्या. मटकीची उसळ मात्र रोज उरली, कारण पोरांना खेळता खेळता हातात धरून खाता येईल असंच हवं असतं, वाटी घेऊन बसायला कोणाला वेळ नाही. केळी दारावर ६० रुपये डझन मिळतात म्हणजे एक केळं आम्हालाच ५ ला पडतं.

तर विचारायचं होतं की वसई-विरारकडून सकाळच्या लोकलने केळी, भाजी घेऊन येणाऱ्या मावश्यांकडून रोजचे चार-पाच डझन ठरवून घेतले तर स्वस्त पडेल का, कोणी घेतंय का असं? नाचणीचं हातात धरून खाता येईल असं काय करता येईल, लाडू केले पण गूळ-तुपाने ५ च्या वर जातात. आणि एफएसएसएआयचं छोट्या धंद्याचं रजिस्ट्रेशन आमच्यासारख्यांनी एकीच्या नावावर करायचं की बचत गटाच्या? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा, सोमवारपासून टोपली परत लावतोय.