ग्रीन टी कडू नसतो, तुम्ही करता!

तापलेली_किटली: इथे कुणीतरी लिहून गेलंय, "ग्रीन टी कुठलाही घ्या, उकळतं पाणी ओता, पाच मिनिटं झाका, सगळे सारखेच कडू." राहवलं नाही म्हणून लिहितेय. अहो, कडू होणारच की! पाणी जितकं कढत तितके कॅटेचिन, म्हणजे चहातली कडू-तुरट द्रव्यं, भराभर उतरतात नि तोंड आवळतं. सेंचाला, म्हणजे रोजच्या जपानी ग्रीन टीला, ७०-८० अंश, मिनिट-दीड मिनिट, बास. ग्योकुरो या भारी जपानी ग्रीन टीला ५०-६०च, कारण त्याची झाडं तोडणीआधी साधारण तीन आठवडे सावलीत झाकलेली असतात, त्यामुळे पानात थिअनिन नावाचं द्रव्य टिकतं, त्याचीच ती गोडसर दाट चव, आणि तुम्ही त्यावर उकळतं पाणी ओतणार?

कडूच_बरा: थर्मामीटर घेऊन बसू आता चहाला? होजिचा हा जपानी ग्रीन टी भाजलेला असतो, त्यात उकळतंच पाणी घालतात. मोरोक्कोत गनपावडर चहा (पानं दाण्यांसारखी वळलेला चिनी ग्रीन टी) पुदिना-साखर घालून चक्क उकळतात, त्यांना शिकवा जाऊन.

तापलेली_किटली: होजिचाचं खरंय, पण पोस्टमध्ये "कुठलाही" होतं ना! आणि मोरोक्कोवाले साखर मूठभर घालतात, ती विसरलात सोयीस्कर. थर्मामीटर नकोच, पाणी या भांड्यातून त्या भांड्यात दोनदा ओता, निवतं.

नको_ते_सल्ले: तुमचं अंशपुराण चालू द्या. मला ऑफिसातल्या एका बाईंनी वजन उतरेल म्हणून सकाळी रिकाम्या पोटी प्यायला लावला, इतकं मळमळलं की मीटिंग सोडून पळाले. कुणाला विचारलंय का माझ्या वजनाचं??

कडूच_बरा: माझी बहीण उतरली की पण ग्रीन टीने.

नको_ते_सल्ले: दूध-साखरेचा चहा सोडला असेल तिने, म्हणून! श्रेय मात्र पानांना. जेवणाबरोबर प्यायलात तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, हे नाही सांगत कुणी. आणि त्या अर्काच्या गोळ्या, लोकांची लिव्हर बिघडलीये त्याने.

तापलेली_किटली: गोळ्या वेगळ्या, चहा वेगळा, उगाच घाबरवू नका.

नको_ते_सल्ले: घाबरवत नाहीये, वैतागलेय. फरक असतो.

कडूच_बरा: बरं किटलीताई, पाणी निववून केला सेंचा. कडू नाही लागला. गवत लागलं. अभिनंदन.

तापलेली_किटली: जपानी पानं वाफवतात, म्हणून तो हिरवट वास. चिनी लोंगजिंग कढईत शेकलेला असतो, तो आणा, ८० अंशाला करा.

कडूच_बरा: परत अंश!