शाळेतील कठोर शिस्त : आपले आणि आपल्या मुलांचे अनुभव

माझा मुलगा सहावीत आहे. त्याच्या शाळेचे फाटक सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी बंद होते. त्यानंतर आलेल्या मुलांना पहिला तास संपेपर्यंत पाठीवर दप्तर घेऊन मैदानात उभे केले जाते आणि तिसऱ्यांदा उशीर झाला की गैरहजेरी लावून घरी पाठवले जाते. आमची रिक्षा सिंहगड रस्त्याने जाते. राजाराम पुलापाशी कोंडी झाली, तर ती कधी पोहोचेल हे रिक्षाकाकांनाही सांगता येत नाही. दिवाळीनंतर मुलाच्या पोटात रोज सकाळी दुखू लागले. रविवारी मात्र दुखत नसे. डायरी मागितली की ती शाळेत राहिली असे तो सांगे. शेवटी ती मला गादीखाली सापडली. तिच्यात लाल शाईतले सात शेरे होते आणि त्यांपैकी चारांखाली माझी सही त्याने स्वतःच केलेली होती. मधल्या सुट्टीतला डबासुद्धा कोणी कोणाला दिला हे घरी येऊन सांगणारा मुलगा माझ्यापासून लपवायला शिकला, याचे मला फार वाईट वाटते. शिक्षेमुळे आपल्यात किंवा आपल्या मुलांत काय बदलले, ते कृपया लिहावे. शाळेचे किंवा शिक्षकांचे नाव घेऊ नये, ही विनंती.

कोथरूड, वय ५१

मी पाचवीत असताना मला फळ्यावरचे दिसत नव्हते, पण दिसत नाही म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हते. सर्वांना तितकेच दिसत असेल असे मी धरून चाललो होतो. गणिताच्या तासाला मी फळ्यावरचा ३ हा ८ असा उतरवून घेई, उत्तर चुकले की सर लाकडी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारत आणि उरलेला तास अंगठे धरून उभे राहावे लागे. एकदा मी धीर करून, "सर, तो आकडा कोणता आहे?" असे विचारले, तेव्हा लक्ष नसल्याबद्दल आणखी दोन पट्ट्या मिळाल्या. त्यानंतर मी वर्गात प्रश्न विचारला नाही. शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवू लागलो आणि पुढे त्याबद्दलही मार खाल्ला. आठवीत शाळेत नेत्रतपासणी झाली आणि चष्म्याचा नंबर अडीच निघाला. चष्मा लावून पहिल्यांदा वर्गात बसलो, तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली पटसंख्या मला बाकावरून वाचता आली. माझा तीन वर्षांचा 'निष्काळजीपणा' एका प्रश्नाने उलगडला असता. आजही कार्यालयातल्या बैठकीत काही कळले नाही, तर मी ते घरी येऊन शोधतो; तिथे विचारत नाही.

निवृत्त शिक्षिका, येरवडा

वर्गात ६४ मुले असत आणि मीही मारत असे, हे मला इथे स्पष्टपणे लिहायचे आहे. एके दिवशी फळ्यावर तारीख लिहिण्यासाठी मी हात वर केला, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने डोळे मिटून दोन्ही हात कानांवर घेतले. त्या दिवशी मी तिला रागावलेही नव्हते. मी छडी कपाटात ठेवली, पण मुलांचा माझ्यावर विश्वास बसायला पुढचे जवळजवळ सबंध वर्ष गेले.

हडपसर, महाविद्यालयीन विद्यार्थी

आमचे पीटीचे सर अतिशय कडक होते, मात्र साडेसहाला मैदानावर बोलावले की ते स्वतः सव्वासहाला हजर असत आणि कोणाला फेरी मारायला लावली, तर बरोबर धावत. त्यांची भीती कधी वाटली नाही. म्हणून कडकपणा आणि अपमान यांना एकाच मापाने मोजू नये, असे मला वाटते.

पालक, औंध

शिक्षण हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे, तर कलम १६ नुसार आठवी पूर्ण होण्याआधी मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. "पटत नसेल तर दाखला घेऊन जा," असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले होते. तेच लेखी द्यावे, असा अर्ज आम्ही केला आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. हा अधिनियम ६ ते १४ वयाच्या मुलांपुरता आहे, त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांच्या पालकांनी बाल न्याय अधिनियम २०१५ मधील कलम ७५ पाहावे. ते १८ वर्षांखालील मुलांशी होणाऱ्या क्रूर वागणुकीबद्दल आहे. मूल फारच घाबरलेले असेल, तर १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक त्याला पाठ करून द्यावा.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा येणाऱ्या मुलांना मैदानाऐवजी ग्रंथालयात बसवावे आणि उशिराचे कारण रिक्षाकाकांकडून विचारून घ्यावे, असा अर्ज मी लिहिला आहे. तो मुलाला वाचून दाखवला, तेव्हा त्याने एवढेच विचारले, "आई, त्यात माझे नाव आहे का?" मी ते खोडले. आता त्याच रिक्षातल्या चार मुलांचे पालक माझ्यासोबत सही करणार आहेत आणि शुक्रवारी आम्ही मुख्याध्यापकांना भेटणार आहोत.