ओल्या डब्यात फुटकी बाटली

सचिव: फोटो बघा. ओल्या कचऱ्याच्या डब्यात फुटकी बाटली, तीही पिशवीला गाठ मारून. मावशींच्या तळहाताला ३ टाके पडलेत. बाटली कोणाची ते विचारत नाही. पण आता पुरे.

बी ४०४: अरेरे. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं ना?

सचिव: हो, कालच. ४ दिवस सुट्टी, भरपगारी.

ए १०३: वाईट झालं. पण सचिवसाहेब, आपण इथे ओलं-सुकं करत बसायचं आणि गाडीत सगळं एकत्रच जातं. मी रोज गॅलरीतून बघतो.

ए ७०२: काका, मी परवा खाली जाऊन बघितलं. गाडीला दोन कप्पे आहेत. आपला सुका डबा उघडला तर अर्ध्यात शिळं अन्न आणि एक डायपर. ड्रायव्हरने दोन्ही डबे एकाच कप्प्यात उलटे केले. वर मलाच म्हणाला, "ताई, आधी वेगळं द्या की!"

ए १०३: आता जाळून वीज करतात म्हणे. मग हा उपद्व्याप कशाला?

ए ७०२: ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं, काका. त्याची वाफ करण्यातच उष्णता संपते. भट्टीला हवा कागद, प्लास्टिक, कापड. शिवाय वजनाच्या पाव-पंचमांश राख उरते, तिचीही विल्हेवाट लावावीच लागते.

बी ६०१: एवढा कचरा येतो कुठून पण? आमच्या लहानपणी एक बादली दोन दिवस पुरायची.

ए ७०२: माझं कामच हे, म्हणून आकडे पाठ आहेत. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालात २०१६ सालचा जगाचा नागरी कचरा २०१ कोटी टन होता, २०५० पर्यंत ३४० कोटींचा अंदाज. लोकसंख्येच्या वाढीच्या दुपटीहून जास्त. सरासरी माणशी रोज ७४० ग्रॅम, पण कुठे ११० ग्रॅम तर कुठे साडेचार किलो. हातात पैसा आला की कचरा वाढतो.

बी ४०४: आमच्याकडे तर नुसते खोके. वस्तू बोटभर, खोका हातभर.

ए ७०२: खोके भंगारात तरी जातात. जगातला ४४ टक्के कचरा अन्नाचा नि पाल्याचा आहे. तो डेपोत दबला की हवा न लागता सडतो आणि मिथेन सुटतो. २० वर्षांचा हिशेब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवणारा. डेपो पेटतात त्यात त्याचा मोठा हात. खालून काळं पाणी झिरपतं ते वेगळंच.

बी ६०१: कुणाला जमलंय का हे?

ए ७०२: दक्षिण कोरियाला बऱ्यापैकी. १९९५ पासून तिथे कचऱ्याच्या पिशवीलाच पैसे. २००५ पासून शहरांत अन्नाचा कचरा थेट पुरायला बंदी. पुढे वजनावर शुल्क आलं. डब्याला कार्ड लावलं की झाकण उघडतं, वजन होतं, बिल त्या घराच्या नावावर.

ए १०३: म्हणजे पाहुणे आले की बिल वाढणार!

खजिनदार: कल्पना वाईट नाही.

सी २०१: खताचा खड्डा होता की आपला. वास येतो म्हणून मीच तक्रार केली होती.

ए ७०२: वास येणारच काकू, नुसतं ओलं ओतत होतो. ओल्याच्या बरोबरीने तरी वाळका पाला हवा. मूठभर घेऊन दाबून बघायचं. धार लागली तर पाला घाला, थेंब-दोन थेंब आले तर ठीक, भुगा सुटला तर पाणी शिंपडा.

सचिव: आणि पाला आपण रोज पोत्यात भरून गाडीला देतो! शनिवारी १० वाजता खड्ड्याजवळ भेटू. फुटकी काच यापुढे जाड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून सुक्या डब्याशेजारी ठेवा. आत नाही.

ए १०३: येतो. फक्त बाटली माझी नव्हती, एवढं नोंदवून ठेवा.

सचिव: विचारलंच नव्हतं, काका.