चेनसॉ ट्यून करायला स्वस्तातला टॅकोमीटर: कामाचा की नुसता आकडा?

हापूसवाला (धागा सुरू करणारा)
छाटणीचे दिवस आले की आमच्या बाजारातल्या मेकॅनिककडे चेनसॉंची रांग लागते. तो मशीन सुरू करतो, पूर्ण रेस देतो, मान तिरकी करून ऐकतो, एच स्क्रू (पूर्ण रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) जरा इकडे, जरा तिकडे, आणि "झालं, घेऊन जा". यात काय झालं ते ना त्याला सांगता येतं ना आपल्याला कळतं.

पाच-सहाशे रुपयांत टॅकोमीटर मिळतो. त्याची तार प्लगच्या वायरीवर चार-पाच वेढे गुंडाळायची, इंजिनाचे मिनिटाचे फेरे समोर दिसतात. मॅन्युअलमध्ये कमाल आकडा दिलेला असतो. स्वस्तातल्या ५८ सीसी मशीनला साधारण ११-१२ हजार, धंद्याच्या मशीनला १३-१४ हजारांपर्यंत. त्याच्या बराच खाली थांबायचं. एच स्क्रू आत घेतला की पेट्रोल कमी, फेरे जास्त, आवाज झकास. पण टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलातूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो, तो इथेच. माझं मत: चेनसॉ ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे हा मीटर हवाच. विरोधात असाल तर कारण सांगा, नुसतं "आमच्या वेळी नव्हतं" नको.

गॅरेजकाका
आकडो बघान लाकूड कापूक येता काय रे?

कारण हवंय ना, घे. मोकळं मशीन पूर्ण रेसला धावताना आवाजात थोडी अडखळ हवी, घरघर हवी. पट्टी लाकडात शिरली की तीच घरघर जाऊन आवाज साफ झाला पाहिजे. लाकडातही घरघर राहिली तर पेट्रोल जास्त. मोकळं असतानाच साफ किंचाळत असेल तर पेट्रोल कमी, लगेच बंद कर. हे लाकूड सांगतं. तुझा मीटर मोकळ्या मशीनचा आकडा देतो, आणि मोकळं फिरवायला कोणी चेनसॉ घेत नाही.

दापोलीकर
काका, तुमचा कान तयार आहे, मान्य. पण २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ येऊन गेलं तेव्हा आमच्याकडे कित्येकांनी चेनसॉ पहिल्यांदा हातात घेतला. रस्त्यावर आडव्या पडलेल्या झाडांपुढे उभं राहून घरघर कुठली नि किंचाळी कुठली हे कोण शिकवणार? नवशिक्याला साफ किंचाळणारं मशीनच "फुल पॉवर" वाटतं. आणि एक विचारतो, राग मानू नका. हे मशीन कानाशी १०० डेसिबलच्या वर ओरडतं. कान न झाकता वर्षानुवर्षं ते ऐकलेल्या मेकॅनिकचे वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. ज्या कानावर भरवसा ठेवायचा तोच या धंद्यात झिजतो.

गॅरेजकाका
माझे कान अजून शाबूत आहेत. बायको हळू बोलली तरी ऐकू येतं, दुर्दैवाने.

वायरमन
मी मीटरच्या बाजूचाच, पण हापूसवाल्यांनी जे सांगितलं नाही ते सांगतो. हा मीटर फेरे मोजत नाही, ठिणग्या मोजतो. चेनसॉच्या टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला एक ठिणगी पडते, त्यामुळे मीटरचं सेटिंग एका फेऱ्याला एक ठिणगी असंच हवं. बाइकवर वापरून तसंच आणून इथे लावलं की आकडा दुप्पट किंवा निम्मा येतो. ओळखायचं कसं? मशीन आयडलला, म्हणजे रेस न देता चालू ठेवा. २,५०० ते ३,००० च्या दरम्यान आकडा आला तर ठीक. ५,६०० दाखवत असेल आणि चेन जागची हलत नसेल, तर मीटर खोटं बोलतोय, कारण खरंच एवढे फेरे असते तर क्लच कधीच धरला असता आणि चेन फिरली असती. १,४०० दाखवला तर उलट बाजूने चूक. एवढ्या कमी फेऱ्यांवर मशीन बंदच पडेल.

दुसरं, स्वस्त मीटरचा आकडा बदलायला सेकंद-दोन सेकंद लागतात. मोकळ्या मशीनला पूर्ण रेस तीन-चार सेकंदांच्या वर देऊ नये. म्हणजे आकडा जेमतेम स्थिरावतो तोवर रेस सोडायची वेळ येते. लोक आकड्याची वाट बघत रेस धरून बसतात आणि मशीन वाचवायला आणलेल्या मीटरपायीच ते तापवतात.

हापूसवाला
हे रास्त आहे. म्हणूनच आधी एअर फिल्टर साफ, चेनचा ताण नेहमीसारखा, इंजिन गरम, आणि मग मोजायचं. चेन आवळलेली असली तर फेरे कमी दिसतात आणि माणूस उगाच स्क्रू आत घेतो. फिल्टर भुशाने भरलेला असला तरी तेच होतं. मग पुढे कोणी फिल्टर झटकला की मशीन एकदम लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.

कोयनाकाठ
माझा विरोध वेगळा आहे. आकडा बरोबर आला म्हणजे मशीन बरोबर, असं नाही. क्रँकचं सील (इंजिनाच्या दांड्यापाशी हवा अडवणारं) गेलंय किंवा कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधल्या रबराला चीर पडलीय. तिथून फालतू हवा आत येते, फेरे वाढतात. मीटर बघून तुम्ही एच स्क्रू उघडता, आकडा जागेवर येतो, तुम्ही खूश. चीर मात्र तिथेच, उद्या आणखी वाढणार. जुना मेकॅनिक काय करतो? मशीन आयडलला ठेवून आडवं-उभं करतो. तिरकं केल्यावर आवाज बदलला की सीलवर संशय. रेस सोडल्यावर फेरे लगेच न उतरता लोंबकळत राहिले तरीही तेच. मग स्क्रूला हात न लावता मशीन खोलतो.

वायरमन
लोंबकळणं मीटरवरही दिसतं की. उलट जास्त स्पष्ट.

कोयनाकाठ
दिसतं, बघितलं तर. मीटरवाला कमाल आकडाच बघतो.

टूटी
पेट्रोलचा मुद्दा कोणी काढलाच नाही? २०२३ पासून ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) यायला लागलं, आता बहुतेक पंपांवर तेच. इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच स्क्रूवर तेच मशीन आधीपेक्षा लीन चालतं. पूर्वी लावलेलं सेटिंग आज सुरक्षित असेलच असं नाही. त्यात काही जण "जास्त तेल घातलं की मशीन सुखात" म्हणून ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, याऐवजी ३० ला १ करतात. जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात तेल वाढलं म्हणजे पेट्रोल घटलं, म्हणजे मिश्रण आणखी लीनकडे. वंगण वाढतं हे खरं, पण स्क्रू तपासायलाच हवा.

इथे मीटर मला पटतो. आकडा शंभर-दोनशेने चुकला तरी चालेल. त्याच मशीनला, त्याच मीटरने, मशीन धड असताना किती यायचा ते टाकीवर मार्करने लिहून ठेवा. पुढच्या हंगामात स्क्रू न हलवता पाचशे जास्त आला, तर काहीतरी बदललंय: पेट्रोल, सील, किंवा फिल्टर. कान असं लिहून ठेवता येत नाही.

गॅरेजकाका
हे टूटीचं बोलणं बरं आहे, तेवढं घेतलं. पण माझ्याकडे येतं काय ते सांगतो. मॅन्युअलमध्ये १२,००० लिहिलंय ना, मग गिऱ्हाईक ११,९०० वर नेऊन ठेवतं. १०,५०० ला आंब्याची जाड फांदी नीट कापत असलेलं मशीन. विचारलं तर म्हणतो, "काका, कंपनीनेच दिलाय आकडा." अरे, तो वरची हद्द म्हणून दिलाय, गाठायला नव्हे. मग पिस्टन काढून दाखवतो, सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे. आकडा नव्हता तेव्हा हीच माणसं भीतीने स्क्रूला हात लावत नव्हती.

दापोलीकर
म्हणजे मीटर वाईट नाही, माणूस हावरा आहे.

गॅरेजकाका
हावरा माणूस मीटरवाचून गरीब असतो.

नवा_बागायतदार
मधेच विचारतो. मोबाइलच्या अॅपने होतं का हे? फुकट आहे.

वायरमन
१२,००० फेरे म्हणजे सेकंदाला २०० ठिणग्या, म्हणजे २०० हर्ट्झचा आवाज. अॅप तोच सूर शोधतं. मोकळ्या माळावर एकटं मशीन असेल तर बऱ्यापैकी जमतं. पण शेजारी दुसरं मशीन चालू असलं, भिंतीवरून आवाज परत आला, किंवा माइकच फाटायला लागला, की अॅप दुप्पट सूर पकडून २४,००० दाखवतं. तेवढे फेरे झाले तर मशीन हातात राहणार नाही.

आणखी एक. काही मशीनच्या ठिणगी पाडणाऱ्या कॉइललाच फेऱ्यांची मर्यादा घातलेली असते. त्या हद्दीवर ठिणगी तुटायला लागते आणि आवाज अगदी काकांच्या घरघरीसारखा येतो. मीटर नि कान दोघेही फसतात. असं मशीन लाकडातच तपासायचं.

गॅरेजकाका
आलास ना लाकडावर!

नवा_बागायतदार
माझ्या मशीनवर एच स्क्रू सापडतच नाहीये. फक्त एकच आहे, आयडलचा वाटतो. मग मीटर कुठला घेऊ?

हापूसवाला
मॉडेल बघा. काही छोट्या मशीनला एच जेट कायमचा बसवलेला असतो. स्टिलचं एम-ट्रॉनिक किंवा हुस्कवर्नाचं ऑटोट्यून असेल तर मिश्रण मशीन स्वतःच ठरवतं. दोन्हीकडे फार तर आयडल बघा, सोडल्यावर चेन थांबते एवढं पुरे. मीटरचे पैसे वाचले, त्यात दोन फिल्टर घ्या.